सायकलीची बैठक आणि वर्ध्याचे कातडे



इतिहास म्हटला की आपल्याला सिंहासने आठवतात. त्यांवर कोण बसले, कोणाला उठवले, कोण किती वर्षे टिकले, ह्यांच्या नोंदी बखरींतून आणि दप्तरांतून भरपूर सापडतात. आज मी ज्या आसनाविषयी बोलणार आहे ते जेमतेम सव्वा वीत लांबीचे आहे. त्यावर बसण्यासाठी वारसाहक्क लागत नाही, अभिषेक लागत नाही. तोल सांभाळता आला म्हणजे झाले. हे आसन म्हणजे सायकलीची बैठक, आपल्या रोजच्या भाषेत सीट.

विषय हलका वाटेल. पण ज्याने नवी सायकल घेऊन पहिल्याच आठवड्यात वर्ध्याहून सेवाग्रामपर्यंत आठ किलोमीटर जाणे आणि तितकेच परत येणे केले असेल, त्याला तो मुळीच हलका वाटणार नाही. नवी वहाण चावते, तशी नवी सीटही चावते. वहाणेला आपण तेल पाजतो, चार दिवस घरात घालून वावरतो, आणि मग ती पायाची होते. सीटच्या बाबतीत मात्र आपण एक तर दुकानदाराला दोष देतो, नाही तर वर मऊ गादी चढवून मोकळे होतो. माझे म्हणणे असे की बैठक सुखाची होते ती मऊपणामुळे नव्हे, तर जुळण्यामुळे. आणि हे जुळणे ज्या कातड्यामुळे शक्य झाले, त्याचा माग काढीत गेलो तर तो माग आपल्या नालवाडीच्या वाटेवर येतो आणि तेथे आपल्याला एक अवघड प्रश्न विचारतो.

प्रथम घोड्याकडे जाऊ, कारण सायकलीची बैठक ही खोगिराची धाकटी बहीण आहे. मराठी फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, खोगीर स्वतःचे. बारगिराला घोडा सरकारातून किंवा सरदाराच्या पागेतून मिळे. हा भेद केवळ पगाराचा नव्हता. रोजच्या वापरातले खोगीर घोड्याची पाठ आणि स्वाराची मांड ह्या दोहोंच्या मापाने मुरत जाते. आज एकाचे, उद्या दुसऱ्याचे खोगीर कोणाच्याच मापाचे होत नाही. तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सायकलींचा जमाना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. भाड्याच्या सायकलीवर आपण सारेच बारगीर होतो. ज्या दिवशी स्वतःची सायकल दारात आली, त्या दिवशी माणूस शिलेदार झाला.

खोगिराने आपल्या भाषेला आणखी एक शब्द दिला आहे: खोगीरभरती. खोगिराच्या आत चिंध्या, गवत, लोकर जे हाताशी येईल ते कोंबायचे. त्यावरून निरुपयोगी मजकुराने किंवा माणसांनी जागा भरण्याला आपण खोगीरभरती म्हणू लागलो. ज्याने हा शब्द प्रथम वापरला त्याला ठाऊक होते की नुसत्या भरावाने बसणे सुखाचे होत नाही. सायकलीच्या बैठकीचा सारा इतिहास ह्या एका शब्दात आला आहे, असे म्हटले तरी चालेल.

सायकलीच्या पहिल्या पिढ्या हाडे खिळखिळी करणाऱ्या होत्या. लाकडी चाके, त्यांवर लोखंडी धाव, आणि बसायला एका लवचिक पट्टीवर ठोकलेला तुकडा. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात जॉन बोल्टबी ब्रुक्स नावाचा एक गृहस्थ घोड्यांच्या चामडी साजाचा धंदा करीत असे. हा धंदा त्याने १८६६ साली सुरू केला. आपल्या वर्धा शहराची आखणीही त्याच सालची. १८७८ मध्ये ब्रुक्सचा घोडा मेला, नवा घेण्याजोगी ऐपत नव्हती, म्हणून तो उसनी सायकल घेऊन कामावर जाऊ लागला आणि तिच्या बैठकीने हैराण झाला, अशी हकीकत त्याच्या कारखान्याच्या इतिहासात सांगतात. खोगिराची विद्या हाताशी होतीच. तिच्या आधाराने त्याने नवी बैठक बनवली आणि १८८२ साली तिचे पेटंट घेतले. पुढे १८८५ मध्ये दोन सारख्या चाकांची आजच्या घडणीची सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेले टायर आणले, आणि सामान्य माणूस सायकलवर बसू लागला.

कातड्याच्या बैठकीची रचना पाहण्याजोगी आहे. खोगिरात भराव असतो. हिच्यात भराव मुळीच नाही. मागे एक लोखंडी कमान, पुढे एक निमुळते टोक, आणि ह्या दोहोंमध्ये जाड कातड्याचा एकच तुकडा खिळ्यांनी ताणून बसवलेला. खाली पोकळी. म्हणजे माणूस गादीवर बसत नाही. तो ताणलेल्या झोळीवर बसतो. टोकाखाली एक नट असतो. कातडे सैल पडले की तो किंचित आवळून ताण परत आणता येतो. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या वाटा, पावसाळ्यात पडलेल्या आणि उन्हाळ्यात वाळून दगड झालेल्या बैलगाडीच्या चाकोऱ्या, ह्यांना तोंड देण्यासाठी मागे दोन जाड स्प्रिंगा. जुन्या काळ्या, उंच, सरळ हँडलच्या सायकलींवर ही रुंद, स्प्रिंगांची बैठक असे, ती उगाच नव्हे. सरळ बसणाऱ्याचा जवळजवळ सगळा भार बैठकीवर येतो, म्हणून त्याला रुंद आधार लागतो. शर्यतीच्या वाकड्या हँडलवर झुकणाऱ्याचा बराच भार हातांवर जातो, म्हणून त्याची बैठक चिंचोळी असते. एकाची सीट दुसऱ्याच्या सायकलीला लावली की दोघेही दुःखी.

आता जुळवण्याचे तंत्र सांगतो, कारण ते एका पान्याचे काम आहे आणि तरीही शेकडा किती लोक ते करतात हा प्रश्नच आहे. पहिली गोष्ट उंची. बैठकीवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सर्वांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. बैठक फार खाली असेल तर गुडघे दुखतात. फार वर असेल तर कंबर डावीउजवीकडे झोके घेते आणि कातडी सोलवटते. दांडा वर ओढताना त्यावरील मर्यादेची खूण नळीबाहेर येता कामा नये. दुसरी गोष्ट पुढेमागे. दोन्ही पायडले समपातळीत आणली असता पुढच्या पायाचा गुडघा साधारण पायडलच्या आसावर यावा. तिसरी गोष्ट कल. बैठक समपातळीत असावी. कातड्याची असेल तर टोक किंचित वर चालते. टोक खाली झुकले की माणूस पुढे घसरत राहतो, आणि तो भार हात आणि मनगटे झेलत राहतात. दुखते मनगट, दोष असतो सीटच्या कलाचा. आणि चौथी गोष्ट रुंदी. माणूस बसतो तो दोन हाडांवर. ती दोन्ही हाडे बैठकीच्या रुंद भागावर टेकली पाहिजेत. स्त्रियांचा कटिभाग सामान्यतः रुंद असतो, म्हणून त्यांची बैठक रुंद आणि आखूड असावी लागते. १८९० च्या दशकात सायकल स्त्रियांमध्ये पसरली तेव्हा ह्या प्रश्नावर पाश्चात्त्य वैद्यांनी आणि कारागिरांनी बरीच डोकेफोड केली, आणि मध्ये खाच ठेवलेल्या बैठकी तेव्हापासून निघू लागल्या.

ह्यावरून मऊ गादीचे कोडे सुटते. फार मऊ गादीत ती दोन हाडे रुततात आणि मधला मऊ भाग वर दाबला जातो. दहा मिनिटे सुख वाटते, तासाभरात मुंग्या येतात. कठीण दिसणारे कातडे मात्र महिना-दोन महिन्यांत त्या दोन हाडांच्या जागी किंचित खोलगट होते. ते माणसाचे माप घेते. शिंपी टेपने घेतो, हे वजनाने आणि घामाने घेते.

हे माप घेणे कोणत्याही कातड्याला साधत नाही. झाडाच्या सालीने सावकाश कमावलेल्या जाड कातड्यातच हा गुण असतो: ओलावा आणि दाब मिळाला की ते आकार घेते आणि वाळल्यावर तो धरून ठेवते. आपल्याकडे ह्या कामी बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा ही सामग्री पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, केस आणि आतले मांस खरवडून काढायचे, चुना धुऊन घालवायचा, आणि मग सालीच्या अर्कात, आधी पातळ, मग दाट, असे आठवडेच्या आठवडे मुरवायचे. जाड कातड्याला महिने लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन ह्यांनी क्रोमच्या क्षारांनी कमावण्याची नवी रीत रुजवण्याचा प्रयत्न केला. ते कातडे लवकर तयार होते, पाण्यात टिकते. विहिरीच्या मोटेसाठी ते उत्तम, असे त्यांचे म्हणणे होते. पण दिलेला आकार धरून ठेवण्यात सालीच्या कातड्याची सर त्याला येत नाही. सायकलीची बैठक आणि वहाणेचा तळवा ह्यांचे कातडे एकाच जातीचे: जाड, घट्ट, सालीचे.

आणि येथे आपण वर्धा जिल्ह्यात येतो. बाभूळ आपल्या काळ्या रानात माजेल तितकी. गवळाऊ ही गोरी, चपळ गोजात आपल्या आर्वी भागाची. मोट, नाडा, वहाण, जुंपणीचे पट्टे ह्यांसाठी कातडे गावोगाव कमावले जात होते. तरी सायकल येत होती ती परदेशी बनावटीची, आणि बैठकही तिच्याबरोबर तयारच येत होती. १९३४ साली गांधीजींनी खेड्यातल्या चर्मोद्योगावर लिहिले तेव्हा त्यांनी अंदाज दिला की दरसाल सुमारे ९ कोटी रुपयांची कच्ची कातडी देशाबाहेर जातात आणि त्यांतली बरीचशी तयार माल होऊन परत येतात. कच्चे देऊन पक्के विकत घेण्याचा हा व्यवहार आपण कापसात ओळखत होतो. हिंगणघाटच्या माणसाला तो शिकवायला नको. कातड्यात मात्र तो कोणाच्या डोळ्यांत खुपत नव्हता, कारण कातड्याकडे डोळे वळवणेच शिष्टांना मान्य नव्हते.

त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे ठाणे वर्ध्यास, जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत पडले. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. तेल, गूळ, कागद ह्यांबरोबर चर्मोद्योगाचाही विचार होऊ लागला. शहराच्या कडेला नालवाडीत विनोबा १९३२ च्या अखेरीपासून राहत होते. तेथेच ग्रामसेवा मंडळाचे काम उभे राहिले, आणि गोपाळराव वाळुंजकर ह्यांच्या देखरेखीखाली चर्मालय चालले. ह्या चर्मालयाचा नियम असा की कातडे घ्यायचे ते आपोआप मेलेल्या जनावराचेच.

हा नियम नीतीचा होता, तसा कसबाची परीक्षा पाहणाराही होता. मेलेले जनावर गावाबाहेर फरफटत नेले की पाठीचे, म्हणजे सर्वांत मोलाचे, कातडे खरचटते. सोलायला उशीर झाला, विशेषतः आपल्या उन्हाळ्यात, की ते कुजू लागते. सोलताना सुरी आडवी गेली की भोके पडतात. जिवंतपणीच डाग दिलेला असेल तर ती जागा वाया. असे कातडे कितीही कमावले तरी हलक्या भावाने जाते. म्हणून जनावर उचलून नेणे, वेळेवर आणि सुबक सोलणे, मीठ लावणे, आणि मांस-हाडांचे खत करणे हे सारे शास्त्र म्हणून शिकवणे भाग होते. गाईची पूजा करणारा समाज गाय मेल्यावर तिच्याकडे पाठ फिरवतो आणि जो माणूस ते काम करतो त्यालाही शिवत नाही, ही विसंगती नालवाडीच्या हौदापाशी उभे राहिल्यावर झाकता येत नव्हती. जन्माने ह्या धंद्यातले नसलेले लोकही हे काम शिकले. पुढे १९४८ साली कोकणात कणकवलीस गोपुरी आश्रम काढणारे अप्पासाहेब पटवर्धन तर मृत जनावरांचे सोलकाम स्वतःच्या हातांनी करीत.

वर्ध्याने ह्यापूर्वीच एक पाऊल टाकले होते. १९२८ साली जमनालालजींनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. देशात अशी मंदिरे तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. पण मंदिराचे दार उघडणे आणि धंद्याला प्रतिष्ठा देणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आपण सहज बोलून जातो. ती वहाण शिवणाऱ्याच्या कानांवर कशी पडत असेल, ह्याचा विचार क्वचितच करतो.

तथापि श्रोतेहो, वर्ध्याचे उत्तर हे एकमेव उत्तर नव्हते, आणि ह्या व्यासपीठावरून ते तसे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या समाजाला मृत जनावरे ओढण्याचे काम आणि मृतमांस सोडण्याचे आवाहन केले होते. येथून फार दूर नाही त्या नागपुरात, धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी ह्या विषयाचा पुन्हा समाचार घेतला. जनावरे ओढण्याचे सोडल्याने कातड्याचे नि शिंगांचे उत्पन्न बुडते, असा हिशेब काही लोक मांडीत होते. बाबासाहेबांचे उत्तर सरळ होते: हे काम इतके फायद्याचे असेल, तर हिशेब मांडणाऱ्यांनी ते स्वतः करून पाहावे.

दोन्ही बाजू नीट पाहिल्या पाहिजेत. नालवाडी म्हणत होती, काम हलके नाही, आपली नजर हलकी आहे. कामाला शास्त्र द्या, सवर्णांचे हात त्यात घाला, म्हणजे डाग पुसेल. महाड आणि नागपूर म्हणत होते, जे काम जन्माने गळ्यात बांधले ते आधी गळ्यातून काढा. मग ते ज्याला करायचे तो करील. पहिल्या मार्गाने काही थोड्या सवर्णांचे हात हौदात गेले, पण गावोगावच्या पंगतीत फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या मार्गाने लाखो माणसांची मान ताठ झाली. माझ्या अल्प मतीला वाटते की काम आणि जन्म ह्यांची गाठ सोडवल्याशिवाय कामाला प्रतिष्ठा येत नाही. आणि ही गाठ सोडवण्याचा पहिला हक्क ज्याच्या गळ्यात ती होती त्याचाच. वर्ध्याच्या प्रयोगाचे मोल ह्याने कमी होत नाही. त्या प्रयोगाने निदान कातडे वापरणाऱ्याला कातड्याकडे पाहायला लावले.

सायकल ह्या कथेत पुन्हा येते ती अशी. देशाच्या अनेक भागांत विसाव्या शतकात, आणि त्यानंतरही, दलित माणसाने सवर्णांच्या आळीतून सायकलवर बसून जाऊ नये, उतरून हातात धरून न्यावी, असा दंडक लादला जात असे. ज्या समाजाच्या हातांनी कातडे कमावले त्याच समाजाने त्या कातड्यावर बसू नये, ह्याहून बैठकीचा कडवट इतिहास कोणता? सव्वा वीत आसन, पण त्यावर बसून जाणारा माणूस पायी चालणाऱ्याहून थोडा उंच दिसतो. तेवढी उंचीही सहन होत नव्हती. म्हणून स्वतःच्या कमाईची सायकल घेऊन कोणी गावातून निर्धास्त बसून गेला, तर तो आपल्या जागी एक लढाई जिंकत होता.

स्वातंत्र्यानंतर सायकल आपल्या देशात बनू लागली. मुंबईचे हिंद सायकल त्याआधीचे. पुढे १९५० च्या दशकात आसनसोल, मद्रासजवळचे अंबत्तूर, सोनीपत, लुधियाना ही नावे सायकलींच्या नळ्यांवर दिसू लागली. सायकल स्वस्त झाली, गावात पोचली. पण जाड कातडे महाग पडू लागले. हळूहळू प्लास्टिकचा सांगाडा, वर फोम आणि त्यावर रेक्झिन अशी बैठक सर्वत्र आली. तिला तेल नको, तिला पावसाची भीती नाही, आणि ती कोणाचेच माप घेत नाही. बारगिराची बैठक शिलेदाराच्या दारात आली. कातड्याची बैठक आज हौशी मंडळी मोठी किंमत मोजून घेतात. ज्यांच्याकडे ती असेल त्यांना एवढेच सांगणे: आपल्याकडच्या वैशाखात ती उन्हात उभी ठेवू नका, कातडे वाळून तडकते, पावसात भिजली तर सावलीत वाळवा, चुलीपाशी नको, आणि भिजलेल्या बैठकीवर बसून लांब जाऊ नका, ती ओघळून पडते, तेल बेताने लावा, फार पाजले की कातडे लुळे पडते, आणि टोकाखालचा नट क्वचित, पाव फेराच आवळा.

फोमच्या बैठकीवर बसणाऱ्यांनाही उंची, पुढेमागे आणि कल हे तिन्ही हातचे आहेत. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकली मिळतात. आठवीतली मुलगी बारावीत जाईपर्यंत आणखी उंच होते. सायकलीची बैठक मात्र पहिल्या दिवशी जेथे आवळली तेथेच राहते. मग गुडघे दुखतात, मुलगी म्हणते सायकल नको, आणि घरचे म्हणतात नको तर नको, शाळाही लांबच आहे. एका पान्याचा आळस शाळा सुटण्यापर्यंत पोचू शकतो. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेत एक पाना असावा, आणि दर सहा महिन्यांनी एक तास मुलींनीच एकमेकींच्या बैठकी उंच करून घ्याव्यात. ह्या कामाला अनुदान लागत नाही.

आसन माणसाच्या मापाचे करावे. माणसाला आसनाच्या मापात कोंबू नये. सायकलीपुरते हे तत्त्व पाव तासात अमलात येते. समाजाच्या बैठकीचे नट पिढ्यान्‌पिढ्या गंजलेले आहेत, त्यांना वेळ लागणार. त्यांतले काही नट सैल करण्याचा यत्न ह्या जिल्ह्यात झाला, काही नागपुरात आणि महाडला झाला. राहिलेले आपल्याकडे आले आहेत.